कोण प्यालं

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मायला माहीत नाही, आबाला तर नाहीच नाही. खंडोबाला माहीत असेल, पण त्यालाही मी सांगितलेली नाही, त्याचं त्यालाच कळलं असेल. तुम्हाला मात्र आज सांगते. का सांगते? ते नका विचारू, मलाच नीटसं ठाऊक नाही. परवा मी माहेरी असताना एक कॉलेजची पोरगी मशीन घेऊन आली, आबाची मेंढरांना घालायची हाळी टेप करून गेली, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एवढंच.

गोष्ट एका गाण्याची आहे. त्या गाण्यात शब्दांच्या खाली एक आवाज आहे — घूंऽऽऽ असा, लांब, गोल, छातीत घुमणारा. लोकांना शब्दांपेक्षा तोच जास्त आवडतो. तो आवाज कुठून आला, याबद्दल मी खोटं बोलले. आणि बोलले ते कुणाशी? माझ्या बापाशी आणि नसरीनशी. नसरीन म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. गाणं आम्हा दोघींचं आहे.

पण आधी मजा सांगू द्या. मजा लई होती हो! असली गोष्ट सांगताना माणसानं तोंड पाडून बसावं म्हणतात, पण ते दिवस आठवले की मला हसूच येतं. काय करू?

आम्ही हर्सूलकडच्या एका गल्लीत राहायचो. मूळचे पिशोरचे. आबाची मेंढरं होती, पण पाठोपाठ कोरडी सालं आली, चारा संपला, तेव्हा आबानं मेंढरं विकली आणि शहरात येऊन एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. माय एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. शहर तेव्हा नुसतं सुटलं होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज पोहण्याच्या तलावाची जाहिरात. चकाचक टॉवर, त्यांना विलायती नावं, आणि आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा. वार ठरलेला, पण किती वाजता येईल त्याचा नेम नाही. नळ आला की लग्नघरासारखी धावपळ. नाही आला की टँकर, आणि टँकरभोवती निळे ड्रम, कॅन, हंडे, कळश्या, शिव्या.

नसरीन गल्लीच्या शेवटच्या घरात राहायची. आमची गल्ली शेवटाला जरा चढते. म्हणजे पाणी आधी आमच्याकडं, आणि उरलं तर, दम राहिला तर, वर नसरीनकडं. हे लक्षात असू द्या.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. एकदा तिनं मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं. दुकानदारानं हिंदी गाण्यांत कुठली तरी परदेशी गाणीही कोंबली होती. एक माणूस भडाभडा बोलतोय, मागं धाड-धाड ताल. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर अंग हलतंय! आम्हाला शब्द एक कळेना. नसरीन भारी चिवट. सायबर कॅफेत बसून तिनं अर्थ शोधून काढला. आमच्या वस्तीत काम नाही, बिल्डिंगा पडायला आल्या, लाइट कापली, पोलीस उगाच धरतात — हे सगळं तो माणूस तालात सांगत होता. जुनी गाणी होती म्हणे, या रॅप नावाच्या प्रकाराच्या अगदी सुरुवातीची. नसरीन मला म्हणाली, "शीतल, ये तो अपने नल के झगडे च हैं!"

आणि खरंच की! आमच्या गल्लीतल्या बाया नळावर भांडायच्या त्या काय साध्या भांडायच्या? एकीनं एक ओळ टाकली की दुसरी तिच्याच ठेक्यात परतवायची, मधे हंड्यावर हात आपटायचा, बघणाऱ्या बाया 'व्हय की गं' म्हणून साथ द्यायच्या. इतकी वर्षं आम्ही ते ऐकत होतो आणि आम्हाला वाटायचं भांडण चाललंय!

मग काय, लागलो आम्ही कामाला. आमचं नाव ठेवलं 'हंडा पार्टी'. नसरीन रिकामा निळा ड्रम उलटा घालून असा वाजवायची की येणारी-जाणारी माणसं थांबायची. मी मराठीत बोलायचे, ती तिच्या दखनीत. कॉलेजातली पोरं आधी खिदळली. पोरी आणि रॅप? तेही पाण्यावर? मग गॅदरिंगला आम्ही टँकरवाल्याची नक्कल तालात केली, आणि पोरं बाकांवर चढली. तो आवाज आजही कानात आहे. तेवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही, नवऱ्याला सांगू नका.

इथून पुढं जरा अडखळतं. सांगते, सांगते.

त्या उन्हाळ्यात गल्लीत कुजबुज सुरू झाली, की कुणीतरी नळाला मोटार लावतंय. टिल्लू मोटार तुम्हाला माहीत असेल. एवढीशी असते, नळाला जोडली की लाइनीतलं पाणी ओढून घेते. लावणाऱ्याची टाकी झटक्यात भरते आणि पुढच्या घरांना नुसती हवा. मग लिंबाखाली गल्लीची बैठक बसली. सगळ्यांनी शपथ घ्यायची ठरलं. नसरीनच्या अब्बांनी त्यांच्या रीतीनं कसम खाल्ली. आबा उठला, कनवटीची पुडी सोडली आणि सगळ्यांसमोर भंडारा उचलला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. मेंढरं विकल्यावरही आबाजवळ उरलं होतं ते हेच. तो म्हणाला, "माझ्या घरात मोटार लागणार नाय." लोकांनी मान हलवली. आबाच्या शब्दावर गल्लीचा विश्वास होता.

आणि मोटार होती. आमच्याच माळ्यावर होती, पोत्यात गुंडाळलेली. मामाची. पिशोरला त्याची विहीर आटली तेव्हा तो ती आमच्याकडं ठेवून गेला होता. आबा तिला विसरूनही गेला होता.

मी विसरले नव्हते.

आता कसं सांगू? गरज होती असं म्हणू? नव्हती. आमच्याकडं नळ बारीक का होईना, यायचा. बादली लावून बसलं की संध्याकाळपर्यंत घरापुरतं भरायचं. पण बसावं लागायचं! आबा ड्यूटीवर, माय मेसला, म्हणजे बसायची पाळी माझी. बादली भरली की ओत, पुन्हा लाव, पुन्हा ओत. आणि माझ्या डोक्यात तर ओळी नाचत होत्या. प्रॅक्टिस करायची होती, पोरांसमोर उभं राहायचं होतं. म्हणून एका पाण्याच्या दिवशी मी मोटार खाली काढली, न्हाणीत नेली, नळाला जोडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खाली गोधडीची चौपट घडी घातली, वरून दुसरी गोधडी टाकली. टाकी बघता बघता भरली. मग ते दर आठवड्याचंच झालं. मायला वाटायचं, यंदा नळ बरा जोरात येतोय.

तरी थोडी घरघर यायचीच. ती झाकायला मी काय करायचे, ठाऊक आहे? मोबाइलला स्पीकर जोडून मोठ्यानं ताल लावायचे आणि रॅप म्हणायचे. गल्लीत म्हणायला लागले, शीतलचं गाणं सुरू झालं म्हणजे नळ आला समजा. बाया हसायच्या, मीही हसायचे.

कळलं ना? पाणीचोरांवर गाणं करायला वेळ मिळावा म्हणून मी पाणी चोरत होते.

तिकडं नसरीन नळापाशी बसून असायची. तास न् तास. नळ फुसफुस करायचा, खोकायचा, थेंब टाकायचा, पुन्हा हवा. तिचे तास बुडायला लागले. प्रॅक्टिसला उशिरा यायची, घामाघूम, आणि येताना मात्र ओळी घेऊन यायची. आमच्या गाण्यातली सगळ्यात गाजलेली ओळ तिनं अशीच नळापाशी बसून केली —

तेरे लॉन कू फव्वारा, मेरे मटके में हवा,
पाइपलाइन कू टी.बी. हुई, कौन देगा दवा?

ती ओळ तिनं मला म्हणून दाखवली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. उड्या मारल्या, तिला मिठी मारली. लई भारी ओळ होती! मटक्यात हवा कुणी भरली, हे त्या क्षणी मला आठवलं का? आठवलं. टाळ्या वाजवता वाजवताच आठवलं. मी टाळ्या थांबवल्या नाहीत.

धृपद मी केलं होतं —

कोण प्यालं, कोण प्यालं, आमचं पाणी कोण प्यालं?
टाकीमधून निघालं व्हतं, वाटेमंदी कुठं गेलं?

स्टेजवर या ओळीला आमची एक लकब होती. 'कोण प्यालं' म्हणताना नसरीन माझ्याकडं बोट करायची, मी तिच्याकडं, नळावरच्या भांडणासारखं. मग आम्ही दोघी मिळून लोकांकडं बोट करायचो आणि लोक एकमेकांकडं. हसून हसून मुरकुंडी. नसरीनचं बोट माझ्या नाकासमोर यायचं आणि ती डोळा मारायची.

गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. तिनं तिचा भाग तिच्या घरी केला. माझा भाग मी एकटीनं माझ्या घरी केला, मोबाइलवर. आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. मोटार चालू, मी शेजारच्या खोलीत, दार लोटलेलं, तोंडासमोर मोबाइल. मला त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की ती ऐकूच येत नव्हती. मोबाइलला आली.

शहागंजात लग्नाचे व्हिडिओ करणारे एक जावेदभाई होते, त्यांच्याकडं आम्ही सगळं जोडायला गेलो. त्यांनी माझा भाग लावला, हेडफोन काढला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा हेडफोन लावला. संपलं, म्हटलं. आणि जावेदभाई खूश होऊन विचारतात, हा बेस आणला कुठून? असला बेस मशीनमध्ये नाही. त्यांनी तो आणखी वाढवला. दुकानातली काच थरथरायला लागली. दोन-दोन गोधड्यांत दाबलेला आवाज, गोल येणारच की! नसरीन खुर्चीवरून उठलीच. तिचे डोळे असे चमकत होते. "शीतल, ये क्या चीज है?"

आता बोलायचं होतं. तेव्हा बोलायचं होतं. आणि मी काय बोलले?

"आबाची हाळी आहे. मेंढरांना घालतात ती. टेप करून तिचा वेग कमी केला."

कुठून सुचलं देव जाणे. पण काय चपखल बसलं! धनगराची हाळी, आणि तिच्यावर शहरातल्या पाण्याचं गाणं. नसरीनच्या अंगावर काटा आला. तिनं मला तिथंच, जावेदभाईंसमोर कवटाळलं.

गाणं पसरलं ते असं पसरलं की विचारू नका. या फोनमधून त्या फोनमध्ये. रिक्षांत, टपऱ्यांवर, टँकरच्या रांगेत. बाया हंड्यावर ताल धरून 'कोण प्यालं' म्हणायच्या आणि टँकरवाला लाजायचा. कॉलेजात कुणी आम्हाला नावानं हाक मारेना, हंडा पार्टीच म्हणायचे. आणि आबा! आबाच्या कानावर गेलं की गाण्यात त्याची हाळी आहे. मी ती कधी टेप केली, असं त्यानं विचारलं. म्हटलं, तू एकदा अंगणात घातली होतीस तेव्हा. बिचाऱ्यानं मान डोलावली. मोबाइल कानाला लावून त्यानं तो घुमारा ऐकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "व्हय, माझीच हाय." मेंढरं गेल्यापासून आबाला असं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं. कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ऐकवायचा. मग सांगा, कोणत्या तोंडानं खरं बोलायचं? — नाही, हे सबब म्हणून नाही सांगत. जे झालं ते सांगतेय.

गाण्याचा एवढा बोभाटा झाला की महापालिकेच्या पाणीवाल्यांची गाडी गल्ल्यागल्ल्यांत मोटारी शोधत फिरायला लागली. आमच्या गाण्यामुळं! पेपरात छोटी बातमीही आली. नसरीन तर हवेतच होती. आणि एक दिवस गाडी आमच्या गल्लीत शिरली. आबा त्या दिवशी नेमका ड्यूटीवरून लवकर घरी आला होता. नळ अजून यायचा होता. मोटार न्हाणीत, गोधडीखाली, मी सकाळीच काढून ठेवलेली. माणसं दारात आली तशी आबा उंबऱ्यावर उभा राहिला. रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "साहेब, खुशाल बघा. पण मी भंडारा उचललाय. ह्या घरात मोटार नाय."

त्यांच्यातला एक माणूस आमच्यातलाच निघाला. त्यानं आबाला रामराम घातला आणि बाकीच्यांना म्हणाला, चला, इथं बघायची गरज नाही.

मी न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी होते. गेली गाडी. आबा आत आला, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "तुझ्या गाण्यानं चोर पळायला लागले गं."

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी मी मोटार फेकून दिली. मलाही वाटलं होतं तसंच. मी ती माळ्यावर चढवली. पुढच्या आठवड्यात नळ आला, बादली लावली, बसले. आम्हाला एका कार्यक्रमाचं बोलावणं होतं, गाणं बसवायचं होतं. थोडा वेळ बसले. मग उठले आणि मोटार खाली काढली.

पुढच्या उन्हाळ्यात नसरीनच्या अब्बांनी घर विकलं. तिच्या अम्मीचं म्हणणं, या घराच्या नळाला कुणाची तरी नजर लागलीय. ते चितेगावला गेले, तिथं बोअरला पाणी होतं. नसरीनचं कॉलेज सुटलं, हंडा पार्टी मोडली. सामानाचा टेंपो निघाला तेव्हा निळा ड्रम तिनं मला दिला. मी रडले, तीही रडली. त्यानंतर मी मोटार मामाला परत पाठवली. त्यानंतर! आता पाठवून काय उपयोग होता?

आम्ही तुटलो नाही पण. तिचं लग्न झालं, माझं झालं, येणं-जाणं राहिलं. आणि गाणंही मेलं नाही. पाण्याची बोंब उठली की कुणीतरी ते पुन्हा काढतंच. गेल्या उन्हाळ्यात तर नव्या पोरा-पोरींनी रॅपचा मोठा कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला बोलावलं, आमच्या शहरात हे सगळं सुरू करणाऱ्या म्हणून! नसरीन चितेगावहून आली, केसांत मेंदी, कमरेला ओढणी खोचलेली. आबालाही स्टेजवर बसवलं, फेटा बांधून. निळा ड्रम मी जपून ठेवला होता. तिनं थाप मारली आणि सगळं मैदान हललं.

घूंऽऽऽ सुरू झालं. स्पीकर एवढे मोठे की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. आबानं कानावर हात ठेवला आणि त्या आवाजात आपली हाळी मिसळली. खरी हाळी. उंच, पातळ, थरथरती. त्या घुमाऱ्याशी तिचं काहीएक साम्य नाही, कुणाच्याही लक्षात आलं असतं. कुणाच्या आलं नाही. पोरं वेडी झाली. आबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. खरं सांगते, मीही हसत होते. मला इतकं बरं वाटत होतं की माझीच मला लाज वाटली.

खाली उतरल्यावर नसरीन ओढणीनं माझा घाम पुसत म्हणाली, "हमारे नल कू पानी आता, तो ये गाना होताच नै, शीतल." आणि खळखळून हसली. मी तिच्या हातावर टाळी दिली.

मग परवा ती कॉलेजची पोरगी आली. आमच्या गाण्यावर ती काहीतरी मोठं लिहितेय, आबाची हाळी जपून ठेवायची आहे म्हणे. आबा दिवसभर नवे कपडे घालून बसला होता. मी चहा केला.

त्या गाण्यात आबाची हाळी नाही. मोटार आहे. मोटार मी लावली होती, आबाच्या भंडाऱ्यावर, आणि पाणी नसरीनच्या घरचं होतं. स्टेजवर चढलो की आजही ती 'कोण प्यालं' म्हणत माझ्या नाकासमोर बोट नाचवते, डोळा मारते, आणि मी तिच्याकडं बोट करते. तिचं बोट दर वेळी बरोबर जागी असतं.